किती वर्षांचा पगार?

पुनर्विकासासाठी शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, अशी सोसायटीची नोटीस लागली. म्हणून परवा दुपारी गोदरेजच्या कपाटाचा लॉकर उपसला. जुन्या लाइटबिलांच्या खाली ते सापडलं. हिरव्या वेलबुट्टीची चौकट, सेक्रेटरीची मारुतीच्या शेपटासारखी सही, आणि मजकूर : प्रत्येकी 50 रुपयांचे 5 शेअर, एकूण रुपये 250 फक्त. म्हणजे कागदावर आमचं डोंबिवलीचं घर अडीचशे रुपयांचं.

मला एक खोड आहे. घराची किंमत ऐकली की तिला पगारानं भागायचं. रुपयांतला आकडा डोक्यात शिरतच नाही. ऐंशी लाख म्हटलं की नुसतं ‘हं’. पाच वर्षांचा पगार म्हटलं की पोटात गोळा. लोकलमधून दिसणारे बिल्डरांचे फलक मी असे भागत जातो. फक्त आकड्यापुढचा ‘पासून’ आणि त्याच्या डोक्यावरची चांदणी, या दोन गोष्टींचं काय करायचं ते अजून जमलेलं नाही.

बाबांनी 1984 साली पाऊण लाखाला घर घेतलं. वर्षाचा पगार सतरा हजारांच्या आसपास, म्हणजे जवळपास साडेचार वर्षं. गृहकर्ज देणारी एचडीएफसी 1977 सालीच सुरू झाली होती, पण बाबांचा भरवसा ऑफिसच्या पतपेढीवर. जामीन राहिलेल्या जोशीकाकांकडे आई दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवायची. कर्ज फिटलं तरी डबा चालूच राहिला.

रविवारी आम्ही घर ‘बघायला’ जायचो. बघायला काय, तर गुडघाभर उंचीच्या विटा. बाबा उंबरठा नसलेल्या जागी चपला काढायचे. आई स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःभोवती फिरायची; डब्यांची फळी इथे, फडताळ तिथे, पाट्यावरवंट्याला जागा उरते का. मला नेमकी हॉलमध्ये असताना शू लागली. बाबांनी मला भिंत नसलेल्या भिंतीतून बाहेर गवतात नेलं, आणि आई ओरडली, ‘‘अहो, दारातून न्या!’’

आता भाचा आणि सूनबाई कल्याण-शीळ रस्त्याला घर बघतायत. ब्याऐंशी लाख, सोळाव्या मजल्यावर. मी लगेच भागाकार केला. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेअठरा लाख. उत्तर तेच! जवळपास साडेचार वर्षं. मी चाटच पडलो. भाच्यानं वर नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या अहवालातला आकडा पाठवला : मुंबईत घराचा हप्ता 2010 साली कुटुंबाच्या उत्पन्नाच्या 93 टक्के व्हायचा, 2024 मध्ये तो 50 टक्क्यांवर आलाय. ‘मामा, तुमच्यापेक्षा आमचं बरं चाललंय.’

बरं चाललंय खरं. व्याजदर उतरले, पगार चढले, हे मी नाकारत नाही. रेरा कायद्यामुळे कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा, हिशोबही उघड झाला; पूर्वी जिन्याचा आणि लिफ्टचाही वाटा आपण बेडरूममध्ये मोजायचो. पण त्या ‘कुटुंबाच्या उत्पन्ना’पाशी मी अडकलो. बाबांच्या साडेचार वर्षांत आई नव्हती. ती घरी होती, आम्हाला आणि आजीला सांभाळत. भाच्याच्या साडेचार वर्षांत सूनबाई पूर्ण वेळ आहे, रात्रीच्या कॉलसकट. एकट्याच्या पगारानं भागलं तर नऊ येतात. आईनं नोकरी केली असती तर आम्ही दादरला राहिलो असतो, की बिल्डरनं डोंबिवलीलाच दीड लाख मागितले असते? मला दुसरीच शंका जास्त येते.

हे भाच्याला सांगावं म्हणून फोन केला, तर दोघं बँकेतून परतत होते. फोन स्पीकरवर होता. सूनबाई म्हणाली, ‘‘मामा, मी त्यांना विचारलं, उद्या मूल झालं आणि मी दोन वर्षं घरी बसले तर हप्त्याचं काय?’’

‘‘मग? काय म्हणाले?’’

‘‘म्हणाले, मॅडम, विमा आहे ना.’’

‘‘कशाचा?’’

‘‘आम्ही मेलो तर.’’