लग्नाच्या कॅसेटमधली आई

निपाणी तालुक्यातल्या एका गावाहून बहीण-भाऊ बेळगावला माझ्या दुकानात आले. पिशवीत दोन व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटी. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि भिंतीवर लावायला फोटोच नव्हता. ऑगस्ट 2019 च्या पुरात वेदगंगेचं पाणी घरात शिरलं, खालच्या कपाटातले अल्बम भिजले. वाळल्यावर एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून काढले, तर चित्राचा थरच निघून आला. (असे फोटो ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून सावकाश सोडवायचे असतात. पावसाळा आला की मी हे भेटेल त्याला सांगतो.) उरला तो आधार कार्डावरचा. "त्यात आई आईसारखी दिसतच न्हाई ओ," बहीण म्हणाली.

कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. थोरल्या भावाच्या लग्नाच्या, 1996 सालच्या. पण टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली, तर मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या ड्रमवरच्या हेडला, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला, बुरशी लागते आणि टेपही खराब होते. मास्क लावून कॅसेट उघडली, टेप मऊ कापडाने हळूहळू पुसून घेतली आणि रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली.

पहिली कॅसेट एडिट केलेली. नवरा-नवरीभोवती बदामाचे इफेक्ट, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. त्या काळची रीतच तशी होती. मंगलाष्टका, रडणं, हाका, सगळ्यावर गाणी चढवलेली. मला याचं नेहमी वाईट वाटतं. आई दिसत होती, पण मुकी, तीही गर्दीत मागे.

दुसरी कॅसेट शूटिंगची कच्ची होती. व्हिडिओवाले अशा कॅसेटी पुन्हा वापरायचे. ही घरच्यांनी मागून घेतली होती. तिच्यात पंगत सापडली. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन आई ओळीतून चाललीय. "आधी पोरास्नी वाढा. ए बारक्या, मीठ र्‍हायलं की रं!" मग हॅलोजनचा झोत थेट तोंडावर आला आणि ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "त्यो लाइट बाजूला घ्या ओ, डोळ्यावर येतोय."

भाऊ खुर्चीतून उठून उभाच राहिला. बारक्या म्हणजे तोच.

तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला त्यांनी. पूर्ण चेहरा समोरून दिसतो तो तिथेच, पण हात कपाळापाशी आडवा धरलेला. व्हीएचएसची एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनते, एकाआड एक ओळींची आणि क्षणभराच्या फरकाने टिपलेली. हात हलत असेल तर कडा करवतीसारख्या दातेरी होतात. म्हणून एकच अर्धं चित्र घेऊन त्यावरून फोटो तयार केला. भावाला मोठी फ्रेम हवी होती. मी पोस्टकार्डाएवढ्यावर थांबलो, त्याहून मोठं केलं की चेहरा विरतो. हात कॉम्प्युटरवर काढून टाकू का, असं विचारल्यावर बहीण चटकन म्हणाली, "नको. आई अशीच करायची."

आवाजातला पंगतीचा गलकाही तिने कमी करू दिला नाही.

पूर्ण टेप दोन पेनड्राइव्हवर उतरवून दिली. मग मीच आग्रह धरला, की इथे बसून पंगतीतल्या माणसांची नावं सांगा. मिनिट-सेकंद टाकून एकेक नाव लिहून घेतलं. निम्मे चेहरे दोघांनाही ओळखू आले नाहीत. त्यासाठी पुढच्या बाजाराला थोरल्या आत्याला घेऊन येतो म्हणालेत.