पाटीचा फोटो

पावसाळा लागला की आमच्या घरी एका डब्यावरून कुरबुर सुरू होते. पापडांसाठी आणलेला हवाबंद डबा माझ्या लेन्सनी कधीचाच बळकावलाय. आज दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून जुन्या तव्यात सिलिका जेलचे दाणे तापवत बसलो होतो. ओल पिऊन गुलाबी झालेले दाणे निळे व्हायला वेळ लागतो. पावसात सह्याद्री हिंडणाऱ्या हौशी फोटोवाल्याला चोरापेक्षा बुरशीचं भय जास्त, त्यामुळे कंटाळा करून चालत नाही. तेवढ्या वेळात मोबाईलवर जुने फोटो चाळले, तर प्रत्येक सहलीचा पहिला फोटो पाटीचा. नाहीतर किलोमीटरच्या दगडाचा.

ही खोड बाबांची. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एरवी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी असायचा, सहल ठरली की बाहेर यायचा. रोलमध्ये फोटो बारा. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत खुंटी फिरवायची, आणि ती फिरवायचा मान माझा. आम्ही सगळे उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करून उभे. ‘हलू नका’ म्हणताना बाबा स्वतःच श्वास रोखून धरायचे. पण त्या बारातला पहिला फोटो ते गावाच्या पाटीवर घालवायचे! आईला ते अजिबात सोसायचं नाही. “अहो, दगडांचे कसले फोटो काढताय? पोरांचे काढा की.” बाबा म्हणायचे, “पोरं घरी आहेतच. हे कुठलं, ते नंतर कोण सांगणार?”

रोल संपायला कधी कधी दिवाळी उजाडायची, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. एकाच रोलात पन्हाळा, मामाचं लग्न आणि शेजाऱ्यांची नवी स्कूटर.

आता मोबाईल अक्षांश-रेखांशासकट सगळं लिहून ठेवतो. तरी मी गाडी थांबवतो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा. मला हिरवे आवडतात, का ते विचारू नका. कर्नाटकातल्या कितीतरी पाट्या मला वाचतासुद्धा येत नाहीत, पण काढल्यात. सूर्यास्ताचे फोटो मात्र मी काढत नाही. ते काढायला बाकी सगळं जग आहे.

हंपीला गेलो तेव्हा विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथापुढे ही गर्दी! पन्नासच्या नव्या नोटेवर आहे तोच रथ, त्यामुळे लोक नोट हातात धरून फोटो काढत होते. इथला विठ्ठल भानुदासांनी पंढरपूरला परत नेला असं आपण मानतो, म्हणून मी गाभाऱ्याकडे आधी गेलो. रथाशी आलो ते नंतर. हंपीला यायच्या आधी मी ग्रीनलॉ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे फोटो बघून ठेवले होते. 1856 साली मेण लावलेल्या कागदाच्या भल्यामोठ्या निगेटिव्हवर त्यानं हे अवशेष टिपले. पोटापाण्याचा त्याचा धंदा वेगळा, म्हणजे आपल्याच जातकुळीतला हौशी. त्याच्या फोटोत रथावर विटांचं शिखर आहे. आज ते नाही. ऑस्ट्रेलियाचे जॉन गॉलिंग्ज 1980च्या दशकात इथे आले आणि ग्रीनलॉनं जिथे कॅमेरा लावला होता त्याच जागा हुडकून त्यांनी पुन्हा फोटो काढले. दोघांचे फोटो शेजारी ठेवले की काय गेलं ते कळतं. नुसत्या आजच्या फोटोवरून काही गेलंय अशी शंकाही येत नाही. नोटेवरचा रथ कसा पुरा दिसतो.

मी नोटेसारखाच सरळ समोरून एक फोटो काढला आणि मग बाहेर येऊन पाटीचा.

पाटीशिवायच्या सहली माझ्याकडे फार थोड्या. त्यातली एक इर्शाळगडाची. नेढ्याचे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाचे, फोटो ढिगानं आहेत, खालून, बाजूने, ढगात. चढताना वाटेत इर्शाळवाडी लागायची, ठाकरांची वस्ती. तिची छपरं दोन-तीन फोटोंत कोपऱ्यात आली आहेत, तीही अर्धी कापलेली. तेव्हा माझं सगळं लक्ष सुळक्यावर होतं.

बाबा असते तर पाटी कुठे म्हणून विचारलं असतं. पण वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता, मग पाटी कुठून असणार? 19 जुलै 2023च्या रात्री वाडीवर दरड आली, तेव्हा मदतीला धावलेली माणसंसुद्धा अंधारात, चिखलातून, पायीच चढून वर गेली.