उजवा फाटा आणि गढूळ पाणी

पहाटे साडेपाचला पार्ल्याच्या काकांचा फोन आला. मुलगा-सुनेबरोबर ते हवाईतल्या काउई बेटावर होते; तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे दोन वाजलेले. "ताई, धबधबा न बघताच परत आलो. तुमच्या त्या कागदामुळे."

तिथल्या वैलुआ नदीवर सेल्फ-गाइडेड कायाक, म्हणजे गाइडशिवाय स्वतः वल्हवायची छोटी होडी, मागणारे आमच्या दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसात फार येत नाहीत. आले की बहुतेक एजंट व्हाउचरची पीडीएफ पाठवून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. गाइड नसला की त्याने घ्यायचे निर्णय प्रवाशांच्या अंगावर येतात, आणि ते कसे घ्यायचे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी मराठीत एक पानभर लिहून देते. जेवणाची सोय त्यात शेवटी आहे. लोक मात्र आधी तेच विचारतात.

नदीचा खालचा टप्पा संथ आहे, म्हणून नवखेही उतरतात. जाताना पूर्वेचा वारा पाठीशी असतो, आपण पटापट पुढे जातो. परतताना तोच वारा तोंडावर येतो आणि तोवर खांदे भरून आलेले असतात, तेव्हा निम्मा दम राखून ठेवायचा. फाटा आला की उजवी, उत्तरेची शाखा धरायची. डावीकडे फर्न ग्रोटो या गुहेकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी असतात. पुढे कायाक काठावर ओढून ठेवायची आणि जंगलातून उलुवेही धबधब्याकडे चालत जायचं. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिथेही आहे. आणि वाटेत नदी पायी ओलांडावी लागते. कागदावरचं सगळ्यात ठळक वाक्य तिथलं: पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर डोक्यावर ऊन असलं तरी मागे फिरा. ही नदी वाइआलेआले डोंगरावरून येते, आणि तो जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे.

काकांच्या मुलाने नेमकं तेच केलं. त्याने पाठवलेल्या फोटोत पाणी चहाच्या रंगाचं आहे, काठावरच्या झाडाची मुळं निम्मी बुडलीत, पानांचे पुंजके वाहताहेत. आणि पलीकडच्या काठावर, नुकतीच ओलांडून गेलेली चार माणसं.

काकांचा राग त्या चार माणसांवरून होता. "ती गेली आणि हसत परत आली. आम्ही काय कमी होतो?"

मी म्हटलं, "काका, २६ जुलै २००५ला तुम्ही कुठे होतात?" बँकेत, फोर्टला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला ७५च्या आत. फोर्टातल्या खिडकीतून पार्ल्यातलं पाणी दिसलं होतं का? एप्रिल २०१८मध्ये याच बेटाच्या उत्तरेला, वैपा इथे, २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पडला. डोंगरात काय चाललंय ते खालच्या उन्हावरून कळत नाही.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण पूर आला नाही ना?"

नाही आला. ऑफिसात पोचल्यावर मी यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा पाणीपातळीचा आलेख उघडून बघितला. पाणी चढलं होतं आणि थोड्या वेळाने उतरलंही होतं. मुलाचा निर्णय बरोबर होता असं मी आजही ठामपणे म्हणते, पण काकांपुढे ठेवायला माझ्याकडे काही नाही. ओलांडून गेलेल्यांकडे धबधब्याचे फोटो आहेत. मागे फिरलेल्याकडे दाखवायला काय असतं? मुलाचा मेसेज आला, बाबा दोन दिवस धड बोलत नाहीत. हे मला कायाकच्या भाड्यापेक्षा जास्त लागलं. ते भाडं परत मिळणार नाही, हे काकांना मी स्वच्छ सांगितलंय.

सहकारी म्हणतो, ते ठळक वाक्य सौम्य कर, उगाच तक्रारी येतात. मी ते तसंच ठेवलंय आणि वर एक ओळ वाढवलीय: काठ सोडण्याआधी एकाचं नाव ठरवा; तो "फिरा" म्हणाला की सगळ्यांनी फिरायचं, आणि हॉटेलवर पोचल्यावर त्याला कुणी बोलायचं नाही. नोव्हेंबरात ठाण्याचं एक कुटुंब तिथे जातंय. त्यांना मी ते नाव बुकिंगच्या फॉर्मवरच लिहायला लावलं.