रिंगेला लागलेली सवय

कुकर शिटी द्यायचं सोडून झाकणाच्या कडेने नुसता फुसफुसायला लागला, डाळीचं पिवळं पाणी ओघळून शेगडीवर करपलं, की बडोद्यातल्या कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात निदान एकच : "रिंग गेली." निदान बरोबर असतं, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. "झिजली" म्हणतात. झिजतो चपलेचा तळ, झिजतं टायर. रिंग दिवसभर कशावर घासत बसत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे. तिला दबून राहायची सवय लागते.

रबराकडून आपली मागणी एकच असते : ताणा, दाबा, पिळा, पण सोडलं की जागेवर ये. रिंग कापून तिचा छेद पाहिला तर बऱ्याच रिंगांना आतून एक खाच दिसते आणि खाचेच्या दोन बाजूंना दोन ओठ. वाफ खाचेत शिरते आणि ओठांना झाकणावर नि भांड्याच्या काठावर रेटते. दाब वाढेल तशी पकड वाढते. खरी अडचण पहिल्या दोन-तीन मिनिटांची. वाफेला अजून जोर नसतो, तेव्हा फट बुजवायची ती रिंगेने स्वतःच्या ताकदीवर. जुन्या रिंगेत तेवढा जीव उरलेला नसतो. अशा वेळी काही जण उलथन्याने झाकण दाबून धरतात, फुसफुस थांबते आणि शिटी येते, त्याचं कारण हेच. (हा उपाय करू नये. गरम कुकरवर वाकून झाकणाशी झटापट करण्यात शहाणपण नाही.)

कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब असतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं धरली तर वर्षाचे २४३ तास होतात. म्हणजे वर्षभराचा वरण-भात रिंगेच्या हिशेबाने १२० अंशांवर सलग दहा दिवस.

या दहा दिवसांत आत काय घडतं ते कळायला गंधकापर्यंत जावं लागतं. कच्चं रबर म्हणजे शिजलेल्या शेवयांचा गोळा : लांबच लांब साखळ्या, एकमेकींवरून घसरणाऱ्या. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गवसलं ते हे, की गंधक घालून तापवलं तर या साखळ्यांमध्ये पूल बांधले जातात आणि घसरणं थांबतं. शंभर भाग रबराला अडीच-तीन भाग गंधक, ही जुनी रीत. तिच्यात पूल लांब होतात, एकेका पुलात चार-पाच गंधकाचे अणू. गरम झाल्यावर हे लांब पूल तुटतात आणि पुन्हा जुळतात. जुळताना ते रबर त्या क्षणी ज्या आकारात असेल त्या आकारात जुळतात, आणि कुकरमधली रिंग त्या क्षणी दबलेली असते. रोज थोडे पूल दबलेल्या बैठकीतच नव्याने बांधले जातात. झाकण उघडलं तरी मग तिला कुठे परतायचं तेच आठवत नाही.

प्रयोगशाळेत हे विस्मरण मोजतात. साडेबारा मिलिमीटर उंचीचं रबराचं बटण दोन पोलादी पट्ट्यांमध्ये साडेनऊपर्यंत दाबायचं, तसंच १०० अंशांच्या भट्टीत २२ तास ठेवायचं, काढून अर्धा तास निववायचं आणि पुन्हा उंची घ्यायची. ११.९ भरली तर दाबलेल्या तीन मिलिमीटरांपैकी ०.६ परत आलेच नाहीत : वीस टक्के सेट. रिंगेच्या कामाला हा आकडा जितका लहान तितका बरा. घाई असली की भट्टी जास्त तापवतात. दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ आडाखा आहे, त्यामुळे १२० अंशांचे दहा दिवस १४० वर अडीच दिवसांत उरकावेत. पण हा आडाखा फार ताणला की फसवतो. फार उष्णतेत वरचा थरच सगळा प्राणवायू खाऊन टाकतो, साल कडक होते आणि गाभा कोराच राहतो. आकडा येतो, पण तो कुठल्याच कुकरमधल्या रिंगेचा नसतो. शिवाय भट्टीत कोरडी हवा, कुकरात वाफ. दोन्हीकडे शिजवून पाहिल्याशिवाय बोलू नये.

उपाय सोपा वाटतो : पूल आखूड करा. गंधक शंभराला अर्ध्या भागावर आणायचं आणि पूल बांधायला वेग देणारं अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीन भागांवर न्यायचं. एकेका अणूचे आखूड पूल बांधले जातात, ते उष्णतेत सहसा तुटत नाहीत, सेट झपाट्याने उतरतो. पण रबरात फुकट काही मिळत नाही. तेच मिश्रण चपलेच्या पट्ट्याला वापरलं तर पट्टा लवकर तुटेल. हजारदा वाकणाऱ्या वस्तूला लांब पूलच हवेत, ते थोडे सरकतात, ताण वाटून घेतात आणि चीर पुढे धावू देत नाहीत. रिंगेतला दोष पट्ट्यातला गुण ठरतो. "सगळ्यात चांगलं रबर कुठलं?" असं कुणी विचारलं की जाणकार गप्प बसतो ते याच कारणाने.

बडोद्याला हे विषय परके नाहीत. कोयलीची रिफायनरी १९६५ ची, आयपीसीएल ही पेट्रोरसायन कंपनी १९६९ ची, आणि त्याच संकुलात पुढे पॉलिब्युटाडाइन रबर तयार होऊ लागलं. हे रबर झिजेला दाद देत नाही, टायरात आणि तळव्यात शोभतं. रिंगेला ते चालत नाही, कारण तेल-तूप लागलं की फुगतं. रिंगेला बहुधा नायट्राइल रबर लागतं. त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल या घटकाचं प्रमाण जितकं जास्त तितकं ते तेलाला टिकतं आणि तितकंच थंडीत ताठरतं. तेहतीस टक्क्यांच्या आसपास तडजोड होते.

दोन रोलच्या मिलवर नायट्राइल मळताना एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. नैसर्गिक रबरात गंधक सगळ्यात शेवटी घालतात, नाहीतर मिलवरच ते शिजू लागतं, म्हणजे पूल बांधले जाऊ लागतात. नायट्राइलमध्ये गंधक विरघळायला नाखूश असतं, म्हणून क्रम उलटा : गंधक आधी, मग झिंक ऑक्साइड पाच भाग, स्टिअरिक आम्ल एक, काजळी थोडी थोडी करत चाळीस-पन्नास, आणि अ‍ॅक्सिलरेटर अगदी शेवटी. क्रम चुकला तर गंधकाचे ठिपके राहतात. ठिपक्याजवळ रिंग कडक आणि बाकी मऊ. पुढे प्रेसमध्ये १६० अंशांवर सात-आठ मिनिटं, सुरुवातीला दोन-तीनदा प्रेस किंचित उघडून आतली हवा सोडायची. हा कंटाळा केला की रिंगेत फुगे येतात. आणि मिनिटं वाचवायला रिंग अर्धवट शिजवून काढली तर उरलेलं शिजणं तुमच्या कुकरात होतं, दबलेल्या अवस्थेत. सवयीचा श्रीगणेशा पहिल्याच आमटीला.

मंगळबाजारात रिंगांच्या माळा टांगलेल्या दिसतात आणि दुकानदार "असल छे, बहेन!" म्हणतो. रिंग उलटी दुमडून नखाने दाबावी. दुमडीवर पांढरट रेघ उमटली तर आत रबर कमी आणि खडूसारखी भरताड जास्त. सिलिकॉनची रिंग उष्णतेला नायट्राइलहून कितीतरी सरस, पण फाटायला नाजूक. घासताना सुरीची टोच लागली तर चीर तिथून पुढे जात राहते.

सैल रिंग फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती घरोघरी चालते. हिशेब केला तर ती अगदीच खोटी नाही. रबर दर अंशाला लांबीच्या साधारण दहा हजारांत दोन भाग आकसतं. ६३ सेंटिमीटर घेराची रिंग पन्नास अंशांनी थंड झाली तर सहा-सात मिलिमीटर आखडते. झाकणात नीट बसते, ती अवघड पहिली मिनिटं कशीबशी निभावतात, आणि मग वाफ सूत्रं हाती घेते. पूल मात्र होते तिथेच राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्रीझर.

रिंग धुऊन, पुसून, झाकणाबाहेर काढून सपाट ठेवावी. खिळ्याला टांगू नये. खिळ्यावर ती जिथे वाकते तिथे ताणली जाते, आणि ताणलेल्या नायट्राइलला हवेतला ओझोन कापतो, ताणाला बरोबर आडव्या बारीक चिरा पाडत. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्यांनीही थोडा ओझोन तयार होतो, आणि आपल्याकडे रिंगेचा खिळा असतो नेमका मिक्सरच्या डोक्यावर.

तुटून पुन्हा जुळणाऱ्या बंधांचा हा दोष काहींनी मुद्दाम कामाला लावला आहे. २०११ मध्ये पॅरिसला लुदविक लाइब्लर यांच्या गटाने विट्रिमर नावाची पॉलिमरं दाखवली. ती तापवली की त्यांचे बंध आपसांत जागा बदलतात, एकूण बंध मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे घट्ट जाळीचा पदार्थही पुन्हा घडवता येतो. आज साधी जुनी रिंग वितळवून नवी करता येत नाही, ती बहुधा चुरा होऊन भरताड म्हणून परतते. घरात मात्र तिला उन्हाळ्यात एक काम असतं. तळ गोल असलेला माठ चुंबळीसारखा तिच्यावर बसतो, आणि दोन रिंगा एकीवर एक ठेवल्या तर भरलेला माठही डुलत नाही.