एकही बिल न फाडलेल्या कंपनीचे हिशोब

आमच्या कंपनीनं कधी एकही बिल फाडलं नाही. किलोभर बेदाणा विकला नाही, कुणाला पगार दिला नाही. तरी तिची खतावणी होती, तिचं ऑडिट व्हायचं, वार्षिक सभा भरायची आणि दर वर्षी आयकराचं विवरणपत्र जायचं. ही सगळी कामं माझ्याकडे होती. 'धंदाच केला नाही तर कसला टॅक्स?' असं मला आजही लोक विचारतात. काहींच्या नावावर अशाच कंपन्या पडून आहेत आणि त्यांनी वर्षानुवर्षं काहीही भरलेलं नाही. त्यांची मला खरंच काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

तासगावचा बेदाणा छोट्या पाकिटांत घालून थेट दुकानांत द्यायचा, एवढाच आमचा बेत होता. दादा, आतेभाऊ आणि मी, तिघं डायरेक्टर. भांडवल एक लाख. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे नोंदणी झाली आणि २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. ऐन बेदाण्याचा हंगाम हातचा गेला. पुढच्या वर्षी दादाची बदली झाली, आतेभावाला त्याच्या डाळमिलमधून डोकं वर काढायला सवड नव्हती. भांडण वगैरे काही झालं नाही, बेत बारगळला इतकंच.

पण नोंदणी झाली त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी कंपनी जन्माला आलेली असते. ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक, ३० दिवसांतच पहिला ऑडिटर. त्यानंतर आयएनसी-२०ए हा फॉर्म, १८० दिवसांच्या आत. याला व्यवसाय सुरू केल्याची घोषणा म्हणतात, आणि त्यामुळेच बरेच जण तो भरत नाहीत. अजून सुरूच केलं नाही तर घोषणा कसली, असं त्यांना वाटतं. पण त्यात सांगायचं असतं ते हे की भागधारकांनी आपापल्या शेअर्सचे पैसे भरले आहेत. पुरावा म्हणून बँकेचा उतारा जोडायचा. नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या, भागभांडवल असलेल्या प्रत्येक कंपनीला तो लागतो. चुकला तर कंपनीला ५० हजारांचा दंड, शिवाय जबाबदार डायरेक्टरांना रोज हजार रुपये, प्रत्येकी एक लाखापर्यंत. टाळेबंदीमुळे तेव्हा सरकारनं आणखी १८० दिवस दिले होते. बँकेचं खातं चालू व्हायला आम्हालाही उशीर झाला, पण तिघांचे पैसे खात्यात पडल्याबरोबर मी तो फॉर्म भरून टाकला.

मार्चमध्ये नोंदलेल्या कंपन्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. कंपनी कायद्यानुसार १ जानेवारीनंतर नोंदणी झाली असेल तर पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. म्हणजे आमचे पहिले ऑडिट केलेले हिशोब मार्च २०२१ चे, आणि पहिली वार्षिक सभा त्यानंतर नऊ महिन्यांत. पण आयकराचं वर्ष दर ३१ मार्चला संपतंच, तिथे ही सवलत नाही. त्यामुळे मार्च २०२० मधल्या त्या जेमतेम तीन-चार आठवड्यांचं वेगळं विवरणपत्र भरावं लागलं. आयटीआर-६ हा कंपन्यांचा फॉर्म, सगळीकडे शून्य, आणि खाली डायरेक्टरची डिजिटल सही. त्या वर्षी मुदत वाढून १५ फेब्रुवारी २०२१ झाली होती. आमच्या सीए मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. अनेकांचं हे पहिलं विवरणपत्र राहूनच जातं, आणि पुढची सगळी वर्षं नीट भरूनही मागे एक भोक राहतं.

उत्पन्न असो, तोटा असो वा काहीच नसो, कंपनीला विवरणपत्र चुकत नाही. व्यक्तीला असते तशी करमुक्त उत्पन्नाची पायरीही कंपनीला नसते, पहिल्या रुपयापासून कर. ते आम्हाला मुदत ठेवीमुळे कळलं. भांडवल नुसतं पडून राहण्यापेक्षा बरं म्हणून त्यातली मोठी रक्कम बँकेत ठेवली होती. त्यावर वर्षाला काही हजार व्याज मिळायचं. दादा म्हणाला, "अगं, ऑडिटची फी त्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे तोटाच की!" ताळेबंदात तोटाच होता. पण आयकरात धंदा उभाच राहिला नसेल तर धंद्याचा खर्च वजा मिळत नाही, आणि व्याज 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून वेगळं धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये तुतिकोरिन अल्कली या कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं: धंदा सुरू होण्याआधी शिल्लक पैसे गुंतवून मिळालेलं व्याज करपात्र आहे. त्याच्याही आधी, १९५४ साली, मुंबई उच्च न्यायालयानं धंदा 'उभा राहणं' आणि धंदा 'सुरू होणं' यांत फरक केला होता. उभा राहिल्यापासूनचा खर्च मिळतो, प्रत्यक्ष विक्री नंतर झाली तरी चालतं. आमच्याकडे जागा नव्हती, यंत्र नव्हतं, माल नव्हता. उभं राहिलं होतं असं म्हणायला आधारच नव्हता, त्यामुळे आम्ही तसा दावा केला नाही. व्याजावर २५ टक्के आणि वर उपकर, असा २६ टक्के कर भरला. रक्कम किरकोळ होती, पण कागद स्वच्छ राहिला.

निबंधकांकडे दर वर्षी दोन मुख्य फॉर्म: हिशोबांचा एओसी-४, वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत, आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ए, ६० दिवसांत. आमच्याएवढ्या भांडवलाच्या कंपनीला प्रत्येकी फी ३०० रुपये. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये, आणि याला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार. ज्या कंपनीचं सगळं भांडवल एक लाख, तिच्यासाठी हा आकडा काय आहे बघा.

दंडापेक्षाही मला धाक होता तो वेगळाच. सलग तीन आर्थिक वर्षं हिशोब किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ते फक्त त्या कंपनीपुरतं राहत नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांच्या वर डायरेक्टर अपात्र ठरवले. त्यांत कितीतरी जण असे असणार की ज्यांनी आपल्या त्या झोपलेल्या कंपनीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आतेभावाची डाळमिल ही चालती कंपनी आहे, तिथे कामगार आहेत, बँकेचं कर्ज आहे. आमच्या न विकलेल्या बेदाण्यापायी तिथली त्याची सही अडकली असती तर? त्यानं माझ्या शब्दावर या कंपनीत नाव घातलं होतं. म्हणून तिघांचं डायरेक्टर केवायसीही, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत मी स्वतः बसून करून घेत असे. ते चुकलं की तेव्हा माणशी पाच हजार लागायचे, आणि तोवर त्या डायरेक्टरचा ओळख क्रमांक बंद व्हायचा.

बैठकाही आम्ही खरोखर घेतल्या, दर सहामाहीला एक. तिघं एकत्र बसायचो, इतिवृत्त तिथेच लिहायचं. वर्षाअखेरीला मागच्या तारखा टाकून सगळी इतिवृत्तं एका बसणीत तयार करणारे लोक मला माहीत आहेत. माझा त्याला ठाम विरोध आहे. ज्या कंपनीत काहीच घडलं नाही, तिथे निदान जे घडलं ते तरी खरं असू द्या.

जीएसटी क्रमांक आम्ही घेतलाच नव्हता. ज्यांनी घेतलाय त्यांना शून्याचंही विवरणपत्र भरावं लागतं आणि उशिराला रोज २० रुपये, म्हणून उलाढाल दिसत नसेल तर तो लवकर रद्द करून घ्या, आणि नंतरचं अंतिम विवरणपत्र विसरू नका. महाराष्ट्रात व्यवसाय कराचा क्रमांक मात्र कंपनीच्या नोंदणीबरोबरच गळ्यात पडतो: कंपनीचे वर्षाचे अडीच हजार, आणि पगार शून्य असला तरी त्याचं विवरणपत्र.

कंपनीला 'सुप्त' दर्जा मिळतो, तो का घेतला नाही, असं एका भाच्यानं विचारलं. कंपनी कायद्याच्या कलम ४५५ खाली तो मिळतो, पण माझ्या मते आमच्यासारख्या छोट्या कंपनीला त्याचा उपयोग फार थोडा. ऑडिट सुटत नाही, आयकर सुटत नाही, एमएससी-३ नावाचं विवरण दर वर्षी लागतंच, आणि सलग पाच वर्षांनंतर नाव काढण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. कंपनीच्या नावावर जमीन किंवा ट्रेडमार्क असेल, पुढे खरंच काही करायचं असेल, तर जरूर घ्या. नुसतं बंद करायचं मन होत नाही म्हणून कंपनी ठेवायची असेल तर घेऊ नका.

आम्ही २०२३ मध्ये बंद करायचं ठरवलं. नोंदणीनंतर वर्षभरात व्यवसाय सुरू झाला नाही, हे नाव काढण्याचं कायदेशीर कारण आहे. त्याच वर्षी १ मेपासून हरियाणातल्या मानेसरला सी-पेस हे वेगळं केंद्र सुरू झालं, हे अर्ज तिथेच जातात. एसटीके-२ या अर्जाच्या फॉर्मची फी दहा हजार. त्याआधी ठेव मोडली, सगळ्यांची देणी दिली, खातं बंद केलं. सोबत तिन्ही डायरेक्टरांची प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं आणि ३० दिवसांपेक्षा जुनं नसलेलं, सीएनं प्रमाणित केलेलं हिशोबाचं पत्रक. मग जाहीर सूचना निघते, हरकतींसाठी ३० दिवस असतात, आणि शेवटी राजपत्रात नाव काढल्याची सूचना येते. मागचं सगळं भरलेलं होतं म्हणून आमच्या अर्जावर एकही शंका निघाली नाही.

नाव निघालं तरी डायरेक्टरांची जबाबदारी संपत नाही. भागधारक किंवा ज्यांचं कंपनीकडे येणं आहे असे लोक २० वर्षांपर्यंत कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणायला लावू शकतात, आणि हिशोबाची पुस्तकं तर चालू कंपनीलाही आठ वर्षं ठेवावी लागतात. त्यामुळे फाईल टाकू नका. आणि एप्रिलपासून नाव निघालं त्या तारखेपर्यंतच्या अर्धवट वर्षाचं आयकर विवरणपत्र उरलेलं असतं. ते जाईपर्यंत कंपनीचं पॅन परत करू नका आणि एका तरी डायरेक्टरची डिजिटल सही चालू ठेवा. दादाच्या सहीची मुदत त्याच सुमाराला संपत होती, ती मी अर्ज करण्याआधीच वाढवून घेतली होती.