मंजुळेला 'तू' म्हणायला शिकवताना

बाबा गेले त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. मनावर ताण असेल तर बोलायला म्हणून ऑफिसने सगळ्यांना एक ॲप दिलं होतं. रात्री पावणेदोनला मी त्यात मराठीत लिहिलं, 'बाबांचा चष्मा अजून टेबलावर आहे. तो उचलवत नाही.' लगेच उत्तर आलं, 'आपणांस होत असलेल्या त्रासाबद्दल ऐकून वाईट वाटले. आपण दीर्घ श्वसनाचा सराव करू इच्छिता का?'

त्या ओळीचा मला राग आला नाही. उलट ती फार ओळखीची वाटली, कारण माझं कामच तसल्या ओळी लिहिण्याचं आहे. तक्त्यात डाव्या रकान्यात इंग्रजी असतं, उजव्या रकान्यात आम्ही मराठी भरतो. ती ओळ कोण कुणाला, कोणत्या वेळी म्हणतंय, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. माणूस लहान आहे की मोठा, बाई आहे की पुरुष, काहीच कळत नाही. मग जपून सगळीकडे 'तुम्ही' किंवा 'आपण' टाकायचं. चार वर्षं मी तेच करत होते. त्या रात्री तसली ओळ पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली.

पुढे ओळखीतून पुण्यातल्याच एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि विचारलं, "मी तुम्हाला तू म्हटलं तर चालेल?" मी हो म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. त्यांनी अजून काहीही विचारलं नव्हतं.

याच काळात एका मैत्रिणीने मला 'एलायझा' नावाचा गेम दिला. झॅकट्रॉनिक्स या अमेरिकन स्टुडिओचा, 2019 सालच्या ऑगस्टमधला. प्रकार व्हिज्युअल नॉव्हेलचा, म्हणजे चित्रं, आवाज आणि संवाद. पळापळ नाही, नेमबाजी नाही. वाचत जायचं आणि मध्ये मध्ये निवड करायची. गोष्ट सिॲटलमध्ये घडते. एलायझा हा समुपदेशन करणारा संगणकीय प्रोग्राम आहे, पण समोरच्याला पडद्याशी बोलायला लागू नये म्हणून कंपनी खोलीत एक माणूस बसवते. एलायझा त्या माणसाच्या चष्म्यात ओळी पाठवते आणि त्याने त्या जशाच्या तशा वाचायच्या. आपण खेळतो ती एव्हलिन हे प्रतिनिधीचं काम करते. हा प्रोग्राम बनवणाऱ्यांत ती स्वतः होती, तीन वर्षं सगळ्यापासून दूर राहून परत आलेली.

कंपनीचं नाव आहे स्कंध. आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे. बौद्ध विचारात माणूस पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांच्या पाच समूहांचा, मिळून झालेला असतो आणि त्यापलीकडे 'मी' म्हणून वेगळं काही हाती लागत नाही. माणसाची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला हे नाव देणाऱ्याने फार खोल विचार केला असणार.

त्या गेममध्ये मी अडकले ते निवडीच्या जागी. एव्हलिन ऑफिसबाहेर असते तेव्हा काय बोलायचं ते आपण ठरवतो. समुपदेशनाच्या खोलीत मात्र पर्यायांच्या ठिकाणी एकच ओळ असते. समोरचा माणूस फुटून बोलत असतो, आपल्या मनात दहा गोष्टी येतात आणि हाताखाली तेवढी एकच ओळ. दाबा आणि वाचा. दाबताना माझं बोट खरोखर जड व्हायचं. बऱ्याच पुढे एक वेळ अशी येते की चष्म्यातली ओळ सोडून स्वतःचं बोलता येतं. तिथे मी लॅपटॉप तसाच ठेवून उठले, चहा केला आणि मगच पुढे गेले. ओळ सोडावी की नाही, याचं उत्तर मला सहज सापडलं नाही. गेम तीन रात्रींत संपला. तो खेळाच, इतकंच म्हणेन.

एलायझा हे नाव मूळचं 1966 सालचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी त्या नावाचा प्रोग्राम लिहिला होता. त्याचा गाजलेला अवतार समुपदेशकाचा. तुम्ही जे लिहाल त्यातला एखादा शब्द पकडायचा, 'मी'चं 'तुम्ही' करायचं आणि तुमचंच वाक्य प्रश्न बनवून परत द्यायचं. समजत काहीच नव्हतं. तरी तो प्रोग्राम बनताना महिनोन् महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी दोन-चार ओळी बोलून वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ते इतके हादरले की 1976 साली त्यांनी संगणकावर काय सोपवू नये याविषयी आख्खं पुस्तक लिहिलं.

आणि हे नाव त्यांनी घेतलं कुठून? बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलं विकणाऱ्या एलायझाकडून, जिला प्राध्यापक बोलायला शिकवतो. मराठीत ती मुलगी आपल्याला केव्हाच भेटलेली आहे. पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी'मध्ये तिची मंजुळा केली. हे लक्षात आलं त्या दिवशी मी ठरवलं की मराठीत असाच एक छोटा गेम लिहायचा आणि त्यातल्या यंत्राचं नाव ठेवायचं मंजुळा.

मला प्रोग्रामिंग येत नव्हतं. व्हिज्युअल नॉव्हेल बनवण्यासाठी 'रेनपाय' नावाचं साधन फुकट मिळतं, ते उतरवून घेतलं. साधी फाईल असते. पात्राचं नाव, अवतरणात वाक्य, पर्यायासाठी 'मेन्यू', दुसऱ्या प्रसंगात जायला 'जंप'. आठवड्याभरात पडद्यावर माणूस उभा राहून बोलायला लागला, पण त्याचं मराठी मोडलेलं होतं. 'स्थिती'तली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडायची आणि 'मित्र' लिहिलं तर त्र फुटून त, हलन्त आणि र असे तिघे वेगळे दिसायचे. फॉन्ट बदलून पाहिले, रात्री गेल्या. शेवटी कळलं की मी एका जुन्या व्हिडिओवरून जुनी आवृत्ती घेतली होती. 8.2 पासून रेनपायमध्ये हार्फबझ नावाची अक्षरजुळणीची व्यवस्था आहे, तिला आपली जोडाक्षरं नीट कळतात. नवी आवृत्ती घेतली, मुंबईतल्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट बसवला आणि 'मित्र' हा शब्द पडद्यावर धड दिसला. त्या दिवशी पुढे काही केलं नाही. नुसती बघत बसले.

खरी अडचण त्यानंतर आली. वायझेनबॉमची युक्ती मराठीत करायला घेतली. समोरच्या पात्राचं वाक्य होतं, 'मी कुणालाच नको आहे.' नियमाप्रमाणे मंजुळेचं वाक्य झालं, 'तुम्ही कुणालाच नको आहात, असं तुम्हाला का वाटतं?' कागदावर ठीक होतं. पण व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये अक्षरं एकेक करून उमटतात. काळ्या पट्टीवर आधी उमटलं, 'तुम्ही कुणालाच नको आहात'. मग स्वल्पविराम. मग कुठे पुढचं. तो सेकंद-दीड सेकंद माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यात खचलेल्या माणसाला आपलं यंत्र आधी हेच सांगत होतं.

इंग्रजीत 'का वाटतं' आधी येतं आणि दुखरी गोष्ट नंतर. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे जे सावरायचं तेही शेवटी. माणूस बोलतो तेव्हा आवाजाचा चढ पहिल्या शब्दापासून सांगतो की हे विचारणं आहे. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो. मी अशा सगळ्या ओळी काढल्या आणि एकेक उलटी केली: 'असं का वाटतं तुम्हाला?' एवढंच. समोरच्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत परत करायचं नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून लावला. तो अजून तिथे आहे.

मग आला 'तू'. 'तुम्ही थकलात' म्हटलं की समोर बाई आहे की पुरुष हे न कळता भागतं. 'तू' म्हणायचं तर 'थकलास' की 'थकलीस' हे माहीत हवं. 'तू' म्हणण्यासाठी माणसाकडे आधी बघावं लागतं. तक्त्यात आम्ही 'तुम्ही' का टाकत होतो ते इथे नीट समजलं. आदर हे त्याचं कारण कधी नव्हतंच. मला त्या बाईंचा पहिला प्रश्न आठवला आणि गेम काय असायला हवा ते कळलं. माझ्या गेममध्येही प्रतिनिधी मंजुळेच्या ओळी वाचतो आणि त्या बदलता येत नाहीत. पण 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे मंजुळा ठरवत नाही, खेळणारा ठरवतो. दुसरी मोकळीक एवढीच, की ओळ न वाचता गप्प बसता येतं.

समोर येणारी माणसं तीन. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं एमपीएससीचा अभ्यास करणारा वैभव. निवृत्त एसटी कंडक्टर कदम, ज्यांना घरात कुणी काही विचारत नाही. आणि रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर. वैभव आणि सिस्टर यांची प्रत्येक ओळ दोनदा लिहावी लागली. कदमांचीही लिहिली, कुणी त्यांना 'तू' म्हटलंच, तर ते उठून जातात.

गप्प बसणं जमवायला सगळ्यात वेळ लागला. 'पॉज' दिला की खेळणारा क्लिक करून पुढे जायचा. शांतता कुणालाच सोसत नाही. मग तो 'हार्ड' केला, म्हणजे सहा सेकंद काही दाबलं तरी गोष्ट हलणार नाही. ज्या मैत्रिणीने एलायझा दिला होता, ती म्हणाली, "अगं, हँग झालंय हे." म्हणून मी आमच्याच पंख्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून त्या सहा सेकंदांत घातला. तेव्हापासून कुणालाही हँग झाल्यासारखं वाटलेलं नाही. गेम बंद होताना 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर येतो. सरकारची ही फुकट सेवा 2022 पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो नंबर कुठल्याही वाटेने गेलात तरी यायलाच हवा, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

दिवाळीत लॅपटॉप घेऊन मिरजेला मावशीकडे गेले. मावशी एकाहत्तर वर्षांची, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लागली. कदमांना तिने विचार न करता 'तुम्ही' केलं. सिस्टरपाशी थांबली. "वॉर्डात असते तर सिस्टर म्हटलं असतं. इथे काय म्हणू हिला?" तिने 'तू' निवडलं, दोन ओळी वाचल्या आणि मान हलवली. माउसचं चाक मागे फिरवलं की रेनपायमध्ये गोष्ट मागे जाते, ते मी तिला दाखवलं होतं. तिने मागे जाऊन 'तुम्ही' केलं.

मग चष्मा काढून मला म्हणाली, "हे बरोबर नाही तुझं. अहो-जाहोवरून अगंतुगंवर येता येतं. अगंतुगंवरून मागे नाही जाता येत. आणि सुरुवातीलाच का ठरवायला लावतेस? ओळख व्हायला नको?"

ते ऐकल्यावर पुढचे तीन आठवडे मी गेम पुन्हा उकलला. आता सगळ्यांची सुरुवात 'तुम्ही'नेच होते. भेटीत कुठल्याही क्षणी 'तू'वर येता येतं आणि एकदा आलं की ते कायम. त्या एका ठिकाणी मागे जायची सोय बंद केली. सिस्टरला फार लवकर 'तू' म्हटलं तर ती काही बोलत नाही, फक्त तिची उत्तरं तुटक होत जातात. वैभवला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलं तर तो सगळं नीट सांगतो, आभार मानतो आणि परत येत नाही.

पण मिरजेतली ती दुपार अजून संपली नव्हती. मावशी वैभवपर्यंत पोचली. त्याला तिने 'तू' केलं. वैभव म्हणतो, मेसचे पैसे दोन महिने द्यायचे राहिलेत, घरी सांगितलं नाही. मंजुळेची ओळ आली, 'हे कुणाला सांगावंसं वाटतं का?' मावशीने ती वाचली नाही. गप्प बसण्याचा पर्यायही दाबला नाही. पडद्यावरच्या त्या मुलाकडे बघून म्हणाली, "आज जेवलास का?" आणि मला विचारलं, "हे कुठे दाबायचं?"

ते दाबायला कुठेच जागा नव्हती. त्या रात्री तिथेच, ओट्यावरची भांडी आवरून झाल्यावर, मी फाईल उघडली आणि तीन ओळी लिहिल्या. वैभवसाठी 'जेवलास का?', सिस्टरसाठी 'जेवलीस का?' आणि कदमांसाठी 'जेवलात का?'.