दऱ्या शोधताना दर्या

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात साडेअकरा हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत. गेल्या वर्षापर्यंत त्यांतला एखादा शोधायचा तर दाखलनोंदवही, कपाटांवरचे विषयफलक आणि ग्रंथपालबाईंची स्मरणशक्ती एवढीच साधने होती. मी पोटापाण्यासाठी संगणकप्रणाली लिहितो. ज्या वाचनालयाने मला लहानपणी वाचायला लावले, त्याच्या संकेतस्थळावर एक शोधचौकट करून द्यावी, वाचकाने शब्द टंकावा आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक व कपाट त्याला तिथेच दिसावे, एवढीच माझी इच्छा होती. दोन रविवारांचे काम आहे, असे मी बाईंना सांगितले. ते सात महिने चालले, आणि त्या सात महिन्यांत मराठी लिपी संगणकात कशी राहते हे मला खऱ्या अर्थाने कळले.

पहिला अडथळा यादीतच होता. पुस्तकांची यादी संगणकावर होती, पण ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला एक ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. पडद्यावर मराठी दिसे, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे होती. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, कारण तिचा उच्चार नंतर होतो. रफाराचे याच्या नेमके उलट आहे. त्यातून पुढचे अक्षर जोडाक्षर असेल आणि त्यावर मात्राही असेल, तर वेलांटी किंवा रफार किती घरे सरकवायचा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. यात तीन आठवडे गेले. शेवटच्या शंभरेक नोंदी बाईंनी छापील नोंदवहीशी ताडून स्वतः दुरुस्त केल्या.

शोधचौकट सुरू झाली त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले आणि त्यांनी 'वऱ्हाड' हा शब्द टंकला. उत्तर आले शून्य. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात वऱ्हाडावरची चार पुस्तके होती आणि सरांना ती जागा माहीत होती, त्यामुळे त्यांनी त्यांतले एक काढून घेतले, पण जाताना त्यांनी मला विचारले, "बाळ, पुस्तक इथे आहे, मग तिथे का नाही?" या प्रश्नाने मला पुढचे काही महिने सोडले नाही.

घरी माझ्या संगणकावर तोच शब्द टंकला तर चारही पुस्तके सापडत. वाचनालयातल्या संगणकावर एकही सापडत नसे. दोन्ही पडद्यांवर शब्द हुबेहूब एकच दिसत होता. दोन रात्री मी दोष सर्व्हरमध्ये, जोडणीत, ब्राउझरच्या साठवणीत शोधत राहिलो, आणि तो तिथे नव्हता. तिसऱ्या रात्री दोन्ही शब्दांतील प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून पाहिला, तेव्हा एका 'वऱ्हाड'मध्ये सहा चिन्हे निघाली आणि दुसऱ्यात सात.

मराठीतला हा आडवा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खालच्या टिंबाचा ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, लावायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबले की हाच ऱ मिळतो, आणि वाचनालयातल्या संगणकावर इनस्क्रिप्टच आहे. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य चिन्ह. माझ्या रूपांतराच्या आज्ञावलीने आणि माझ्या घरच्या टंकनसाधनाने ही दुसरी रीत वापरली होती. युनिकोड मजकूर एकरूप करण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे संकेतस्थळे ज्या संगणकभाषेवर चालतात तिच्यात, नॉर्मलाइझ नावाची सोय २०१५ पासून आहे, म्हणून मी मोठ्या आशेने ती लावली. तिने ऱ आणि 'र अधिक नुक्ता', म्हणजे र आणि खालचे सुटे टिंब, हे एक केले. पण जॉइनरची रीत आणि ऱ-हलन्ताची रीत यांना युनिकोड समतुल्य मानतच नाही, त्यामुळे माझे दोन 'वऱ्हाड' वेगळेच राहिले.

मग मी घाई केली. अदृश्य चिन्ह अडचण करते आहे, तर सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकावीत, असा सरळ उपाय मी यादीला आणि शोधशब्दाला लावला. काही शब्दांचे निकाल वाढले आणि मला वाटले, प्रश्न सुटला. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. एका गिर्यारोहक मुलाने फोनवरून 'दऱ्या' शोधले होते आणि त्याच्यापुढे समुद्रावरची पुस्तके आली होती. जॉइनर गेल्यावर साधा र, हलन्त आणि य उरले होते, आणि त्यांचा 'दर्या' झाला होता. ज्याला मी अडगळ समजून फेकले, तेच चिन्ह दरी आणि समुद्र यांच्यातला भेद एकट्याने सांभाळत होते. आचाऱ्याचा आचार्य होतो तो याच ठिकाणी. मराठी माणसाने तरी हे आधी ओळखायला हवे होते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

उपाय अखेर क्रमात सापडला: आधी नॉर्मलाइझ, मग जिथे र, हलन्त आणि जॉइनर एकत्र असतील तिथे ऱ आणि हलन्त, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढायची. तीन ओळींची आज्ञावली, पण तिच्यापर्यंत पोहोचायला पाच आठवडे लागले. त्याच ओघात 'ॲ'ही सापडला. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. कित्येक ठिकाणी ते अजून अ आणि त्यावर चंद्र असे दोन चिन्हांनी लिहिलेले असते, आणि नॉर्मलाइझ त्यांनाही एक करत नाही. ही जोडी मात्र एका बैठकीत सुटली, कारण कुठे पाहायचे हे आता ठाऊक होते.

या सुमारास बाईंनी संगणकाशेजारी एक दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवली. वाचकाने काय टंकले, त्याला कोणते पुस्तक हवे होते आणि त्याचा दाखल क्रमांक काय, एवढे तीन रकाने. त्या वहीतली प्रत्येक ओळ मी चाचणीत उतरवत गेलो, आणि आज्ञावलीत काहीही बदलले की आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या जातील अशी व्यवस्था केली. पुढचे सगळे काम त्या वहीमुळे झाले असे मी मानतो. एक दोष काढताना जुने दोन परत आले, तर माणूस खचतो. ते त्याच मिनिटाला दिसले, तर तो फक्त एक पाऊल मागे जातो.

वहीतल्या नोंदींचा मोठा भाग लिपीचा नव्हताच, शुद्धलेखनाचा होता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. त्याआधीच्या ग्रंथांच्या नावांत 'कवि', 'नांव', 'कांहीं', 'केलें' अशी रूपे आहेत, आणि आजचा वाचक 'कवी', 'नाव', 'काही', 'केले' असे टंकतो. नोंद बदलणे योग्य नव्हते, कारण ग्रंथाचे नाव मुखपृष्ठावर आहे तसेच राहिले पाहिजे. म्हणून प्रत्येक शीर्षकाची एक सैल प्रत मी पडद्यामागे बनवली, जिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार इतक्या सहज काढता आला नाही. सरसकट काढला तेव्हा गांधींवरची सारी पुस्तके 'गाधी' झाली आणि 'संत'चा 'सत' झाला. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार वगळणे बहुतेक वेळा सुरक्षित ठरले. त्यामुळे बोलीतले 'केलं' आणि जुने 'केलें' दोन्ही मार्गी लागले. मधल्या अनुच्चारित अनुस्वारासाठी मात्र नियम सापडला नाही. नांव, गांव, पांच, कांच असे शब्द मी एकेक करून तक्त्यात लिहिले, आणि तो तक्ता अजून वाढतो आहे.

सैल प्रतीची किंमत लगेच दिसली: 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांची सरमिसळ झाली. त्यावर निकालांना तीन थर केले. तंतोतंत जुळणारे सर्वांत वर, ऱ्हस्व-दीर्घ विसरून जुळणारे त्याखाली, आणि ज्यांना आडवा र टंकता येत नाही म्हणून 'वर्हाड' असे लिहिणारे बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी ऱ आणि र एकच मानणारा थर सर्वांत खाली. आता दऱ्या शोधणाऱ्याला दर्याही दिसतो, पण दऱ्यांच्या खाली.

सर्वांत अधिक दमवले ते निकालात सापडलेला शब्द पिवळ्या रंगात दाखवण्याच्या कामाने. जावास्क्रिप्टच्या नमुनाशोधात शब्दाची सीमा ओळखण्याचे जे तयार चिन्ह आहे, त्याला फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा ठाऊक आहेत. देवनागरी शब्द त्याच्या दृष्टीने शब्दच नव्हे. त्याऐवजी युनिकोडचा 'अक्षर' वर्ग वापरला, तर शब्द प्रत्येक काना-मात्रेपाशी तुटला, कारण मात्रा 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग एकत्र घेतले, तेव्हा सगळे जुळले आणि फक्त 'वऱ्हाड' तुटला, कारण मूळ शीर्षकातला जॉइनर या दोन्ही वर्गांत बसत नाही. ते निस्तरल्यावर, सैल प्रतीतली जागा मूळ शीर्षकातल्या जागेशी जुळेना. कोणी 'कम' शोधले की 'कमी'मधला कम रंगे आणि उरलेली वेलांटी एका जुन्या फोनवर ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसे. मजकूर अक्षरसमूहांत तोडणारी सेगमेंटर नावाची सोय ब्राउझरमध्ये आहे, पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. त्याआधीच्या ब्राउझरमध्ये 'क्ष'चे दोन तुकडे होतात.

त्या रात्री मी बाईंना निरोप लिहून ठेवला होता की रंग दाखवण्याचा भाग आपण सोडून देऊ, शोध चालतो आहे तेवढे पुरे. तो पाठवला नाही. सकाळी वही आणायला गेलो, तेव्हा बाईंनी सांगितले की चष्म्याचा नंबर मोठा असलेल्या वाचकांना लांबलचक यादीत आपला शब्द सापडत नाही, आणि रंग दिसला की तो लगेच सापडतो. मग मी अक्षरसमूह तोडण्याचे काम स्वतःच लिहिले: हलन्तानंतर व्यंजन आले की तोडायचे नाही, मात्रा कधीही मागच्या अक्षरापासून वेगळी करायची नाही, आणि सैल प्रतीतल्या प्रत्येक चिन्हासोबत त्याचा मूळ क्रमांक जपून ठेवायचा. त्याला आणखी चार रविवार लागले. निवृत्त सर परवा येऊन गेले; त्यांनी ऱ्हस्व 'कवि' टंकले, पिवळ्या रंगातल्या ओळी खालपर्यंत वाचल्या आणि एक दाखल क्रमांक चिठ्ठीवर उतरवून घेतला.

वहीत सध्या २१४ ओळी आहेत. त्यांतल्या नऊ अजून चुकतात, आणि त्या सगळ्या सामान्यरूपाच्या आहेत. वाचक 'घोड्यांचे आजार' टंकतो आणि शीर्षकात 'घोडा' असतो. 'घोड्या'वरून 'घोडा' काढण्याचा नियम लिहिता येतो. पण तोच नियम 'वाड्या'ला लावला, तर वाडा आणि वाडी दोन्ही समोर येतात, आणि वाचकाला कोणते हवे हे त्या एका शब्दात लिहिलेले नसते. त्या ओळीपुढे बाईंनी पेन्सिलने दोन्ही पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहून ठेवले आहेत.